वाळूवर काढलेल्या चपला

नाताळची गर्दी ओसरल्यावर मी दक्षिण कोकणातल्या त्या किनाऱ्यावर गेले, तीही एकटीच. लॉजवाल्यानं दोनदा विचारलं, "मागून कोण येणार आहे का?" मला रागच आला. गर्दीत कुणी विचारत नाही. रिकाम्या गावात मात्र एकटं माणूस सगळ्यांच्या नजरेत येतं.

संध्याकाळी वाळूवर चपला काढल्या आणि पाण्याच्या कडेनं पार खडकांपर्यंत गेले. तिथे बराच वेळ उभी होते. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येणार नाही. परत आले तर चपला गायब! तणतणत एकुलत्या उघड्या टपरीपाशी गेले, तर चहावाल्या काकूंच्या बाकाखाली त्या नीट जोडून ठेवलेल्या.

"एकट्या माणसाची चपलां दिसली की मी उचलून ठेवतंय," काकू म्हणाल्या. "ती न्हेवक तरी माणूस परत येता."

माणसाला परत आणायला एवढंसं कारण पुरतं?

चपला घालायला वाकले, तेव्हा बाकाखाली, अगदी मागे, आणखी एक जोड दिसला. पुरुषाचा, खाऱ्या हवेनं रंग उडालेला. धूळ मात्र त्यावर कणभरही नव्हती.