काळी एक, पांढरी एक

मी पेटी काळी एकमध्ये वाजवतो. पेटी न वाजवणाऱ्यांसाठी सांगतो: काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. तिला मी सा मानतो आणि बाकीचे सूर तिथून धरतो. मिरजेत ज्या गुरुजींकडे शिकलो त्यांचा सा तिथे होता, म्हणून माझाही तिथेच. विम्याच्या नोकरीने मला गावोगाव फिरवलं, शेवटी जयपूरच्या जवाहर नगरात आणून टाकलं, पण सा हलला नाही. ही म्हणते, एवढा हट्ट साहेबांपुढे धरला असता तर एखादी बदली तरी टळली असती.

मुलगी इथेच वाढली. तिचं मराठी हिंदीचा हात धरून चालतं. ती कीबोर्ड वाजवते, तोही कागदात बघून. मी फार तर सारेगम लिहून घेणारा माणूस. तिच्या कागदावर पाच रेघा आणि त्यांवर तीळ सांडलेले. बारावी झाली होती आणि जुलैत ती पुण्याला हॉस्टेलवर जाणार होती. त्याआधी एकदा तरी तिच्याबरोबर स्टेजवर वाजवावं असं मला फार वाटत होतं. तिला अर्थात मी एवढंच म्हणालो, की मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात एक कार्यक्रम कमी पडतोय.

“ठीक है,” ती म्हणाली, “पण भजन नाही हं.”

ठरली ती एका जुन्या हिंदी मालिकेच्या शीर्षकाची धून. माझ्या लहानपणी ती लागली की सगळी गल्ली शेजाऱ्यांच्या घरात जमायची, कारण टीव्ही त्यांच्याकडेच होता. मला आत कधी जागा मिळाली नाही. मालिका कशाबद्दल होती हे मला आजही नीट माहीत नाही, पण दाराबाहेर उभं राहून धून मात्र पाठ झाली. पुढे त्या संगीताची कॅसेट निघाली, ती मी वाजवून वाजवून झिजवली. आता मुलीने तोच अल्बम फोनवर शोधला आणि धुनेचं छापील नोटेशनही कुठून तरी मागवलं.

पहिल्या तालमीला आम्ही दोघांनी एकदम सुरुवात केली आणि ही स्वयंपाकघरातून पळत आली. काय पडलं, म्हणून विचारत.

“बाबा, तुम्ही चुकीचं वाजवताय.”

“मी? तू कागदात बघ जरा.”

“कागदात बघूनच तर वाजवतेय!”

दोघंही बरोबर वाजवत होतो, हीच पंचाईत होती. तिच्या कागदावर धून पांढरी एकपासून लिहिलेली, म्हणजे माझ्या काळी एकच्या अगदी शेजारच्या पट्टीपासून. मध्ये फक्त अर्ध्या सुराचं अंतर. लांबचे सूर एकवेळ सुखाने नांदतील, पण हे सामाईक भिंतीवाले भाडेकरू, त्यांचं कधी पटत नाही.

निवाडा अल्बमवर सोपवला. तिने फोन लावला, मी पेटीवर सूर जुळवून पाहिला. अल्बम पांढरी दोनमध्ये निघाला. आमचा पंचच तिसऱ्या गावचा!

“तू ये काळी एकवर,” मी म्हणालो.

“मतलब, तुम्ही का नाही येत? एकच तर पट्टी सरकायची आहे.”

एकच पट्टी! जिच्यावर माझी सगळी हयात गेली, ती पोरीला एकच पट्टी. मी पेटीचा भाता बंद केला. तिने हेडफोन लावले. त्यानंतर आमच्या तालमी वेगवेगळ्या खोल्यांत होऊ लागल्या.

कार्यक्रम जवळ आला तसं मला सुचलं की सा काय, इथेच राहणार आहे. पोरगी जाणार आहे. मग दुपारी ती क्लासला गेली की मी पेटी काढून पांढरी एकवर धून बसवू लागलो. त्या पांढऱ्या पट्ट्यांवर सगळंच सपाट, बोटांना धरायला काही नाही. स्वतःच्याच घरात चाचपडत फिरावं तसं चाललं होतं. हिला शपथ घातली, तिला सांगायचं नाही म्हणून. ही कैऱ्या चिरत होती. “बरं,” म्हणाली, आणि उगाचच माझ्याकडे बघत राहिली.

कार्यक्रम आदर्श नगरातल्या एका हॉलमध्ये होता. कूलर घरघरत होते. पुढच्या रांगांत बँकांतले निवृत्त साहेब आणि फौजी कुटुंबं. अध्यक्षांनी “बापलेकीची जुगलबंदी” असं जाहीर केलं. मी हसून तिच्याकडे पाहिलं, तीही माझ्याकडे बघून हसली, आणि आम्ही सुरुवात केली.

पहिल्या रांगेतल्या एका साहेबांनी कानातलं यंत्र काढून तपासलं.

आम्ही थांबलो. तिने डोळे विस्फारून कीबोर्डवरच्या एका लाल आकड्याकडे बोट दाखवलं. कीबोर्डला म्हणे एक बटण असतं. ते दाबलं की तो आकडा उमटतो आणि बोटं पांढरी एकवर ठेवूनसुद्धा सूर काळी एकचा निघतो. ते तिने माझ्यासाठी दाबून ठेवलं होतं.

“अगं, मी तुझ्या पट्टीवर आलोय,” मी कुजबुजलो आणि घाईघाईने हात काळी एकवर नेला. तिने तितक्याच घाईने बटण सोडलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच, आता उलट्या बाजूने!

हॉलमध्ये खसखस पिकली. “आधी घरी मिटवून यायचं की हो!” मागून कुणीतरी ओरडलं. माझे कान तापले. मी परत पांढरी एकवर जावं म्हणून हात उचलला, तोच तिने माइकसमोरच मला दटावलं.

“बाबा, तुम्ही हलू नका! मी येते.”

हॉल खदखदून हसला. मला हसता आलं नाही. काळी एकवर बोट दाबून मी नुसता बसून राहिलो. तिने बटण दाबलं, मान हलवली, आणि धून निघाली. दुसऱ्या ओळीला सगळा हॉल आपापल्या पट्टीत गुणगुणू लागला. आमचं मात्र एकदाही बिनसलं नाही.

घरी येताना मी हिला विचारलं, “तुला हे ठाऊक होतं?”

“दोघांनीही शपथ घातली होती,” ही म्हणाली. “मी पाळली.”

जुलैत तिला स्टेशनवर सोडायला गेलो. पुण्यात दुकानदाराला भैया म्हणू नकोस, वगैरे हिचं सांगून झालं. गाडी सुटली. पोरगी डब्याच्या दारात उभी होती. मी नकळत गाडीबरोबर चालू लागलो, मग जरा पळूही लागलो.

“बाबा, तुम्ही हलू नका!” ती ओरडली.

मी होतो तिथेच उभा राहिलो.