फाटक्या पुस्तकांची यादी

रविवार, ९ मार्च, सकाळी साडेदहा. हजर: अध्यक्ष, वाचनालयाच्या जुन्या मावशी, पगारी ग्रंथपाल बाई आणि चिटणीस म्हणून मी. विषय एकच. सिनेगॉगमागच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनामंदिरामागच्या, आमच्या वाचनालयातली दोन पोती फाटकी प्रार्थनापुस्तकं रद्दीत गेली होती.

देवाचं नाव छापलेलं पुस्तक आम्ही रद्दीत देत नाही. फाटलं की बाजूला ठेवतो आणि पुरेशी साठली की कब्रस्तानात पुरतो. मावशींनी वीस वर्षं हे वाचनालय बिनपगारी सांभाळलं. गुडघ्यांमुळे त्यांना शिडी चढवेना, म्हणून आम्ही बाईंना नेमलं. बाई नागपूरकडच्या, ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या, कामाला चोख. आमचे रिवाज त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते सांगायचं काम माझं. मी कामांची यादी लिहून दिली आणि सांगून झालं असं धरलं.

मावशी म्हणाल्या, "मी वीस वर्षं फुकट केलं. मला कधी यादी लागली नाही."

"म्हणूनच मला लागली, मावशी," बाई म्हणाल्या. "त्यात लिहिलं होतं तेच केलं मी."

अध्यक्षांनी यादी मागितली. काम उरकल्यावर बाईंनी तो कागद टाकून दिला होता. मग अध्यक्षांनी मला विचारलं. फाटकी पुस्तकं काढून ठेवायला सांग, असं मावशींनी मला फोनवर म्हटलं होतं. मी तसंच लिहिलं, असं मी खात्रीने सांगितलं. माझ्या याद्या चुकत नाहीत, असा माझा लौकिक आहे. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. महिनाअखेरीपासून त्यांनी येऊ नये असं ठरलं. त्यांनी किल्ल्या तिथेच टेबलावर ठेवल्या आणि निघाल्या.

घरी येऊन मी वही उघडली. यादीची कच्ची प्रत तीत होती. क्रमांक चार: फाटकी पुस्तके काढून टाकणे. अक्षर माझंच.

अध्यक्षांना लगेच फोन केला. ते म्हणाले, पुस्तकं काही परत येणार नाहीत, मावशी पुन्हा बसायला तयार झाल्यात, आता उकरून काय मिळणार. मग मावशींना सांगितलं.

"मला कशाला सांगतेस?" त्या म्हणाल्या. "तिला सांग."

बाई माझा फोन उचलत नाहीत. त्या वाघोलीला राहतात. पत्ता माझ्याकडे आहे. वही घेऊन जायचं, चौथी ओळ दाखवायची, एवढंच काम. तीन आठवडे झाले, मी गेलेली नाही.