डॉ. सबनीसांची जाड सुई

सिझेरियन झालेल्या बाईच्या डोक्याखालची उशी डॉ. सबनीस स्वतः ओढून काढत. हरियाणातल्या मानेसरच्या आमच्या नर्सिंग होममध्ये ते मुख्य भूलतज्ज्ञ, मी त्यांच्या हाताखाली. "उद्यापर्यंत मान उचलायची नाही," एवढं बजावलं की त्यांचं कर्तव्य संपलं. कमरेतून भूल दिल्यावर होणारी डोकेदुखी असं आडवं पाडून ठेवल्याने टळत नाही, हे शिकाऊ डॉक्टरलाही ठाऊक असतं. ती टाळायला पेन्सिलीसारख्या टोकाची बारीक सुई लागते. ती आमच्याकडे कपाटात पडून असे.

मी विषय काढला की ते हसत. "अच्छा, आता तू मला शिकवणार? बारीक सुईत मणक्यातलं पाणी दिसायला वेळ लागतो यार. आपला हात बघ, बिल्कुल मशीन." जाड सुई पाठीत खुपसून केस झटपट उरकायची, एवढीच काय ती त्या हाताची करामत. मला त्या माणसाची किळस येई.

अशाच एका सिझेरियनची सुनीता साताऱ्याकडची, नवरा इथल्या सुट्या भागांच्या कारखान्यात. बाळाला पाजायला उठून बसली की तिचं डोकं फुटायची वेळ येई. आडवी झाली की थांबे. चार घोट दूध पाजून ती बाळाला सासूकडे देई आणि भिंतीकडे तोंड करून रडे. सबनीसांनी दारातूनच विचारलं, "मान उचललीस ना?"

"नाही हो डॉक्टर. बाळ रडलं तरी नाही उचलली."

त्यांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं की हल्लीच्या मुली नाजूक असतात, कॉफी पाजा. ते गेल्यावर ती मला म्हणाली की तिचंच काहीतरी चुकलं असेल. तुझं काही चुकलेलं नाही, सुई जाड होती, असं मी तिला तिथेच स्पष्ट सांगितलं. ते कानावर गेल्यावर सबनीस आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग त्यांची मुलगी बाळंतपणाला आली. सिझेरियन ठरलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आलेला.

"तू दे भूल. बारीक सुई घे. कितीही वेळ लागू दे."

तोवर मी त्यांना नुसतं अडाणी समजत होते. सगळं ठाऊक होतं त्या माणसाला.

मुलीचं डोकं दुखलं नाही. बाळाला मांडीवर घेऊन ती ताठ बसली, आणि सबनीस पेढे वाटत फिरले. मी घेतला नाही. का, ते त्यांनी विचारलंही नाही.