दादासोनं फुकट धुतलेला टेम्पो

हरिपूर रोडला दादासोचं वॉशिंग सेंटर आहे. माणूस कामाला चोख, पण दुसऱ्याचं बरं झालं की त्याच्या पोटात दुखतं. शेजारच्या बिरदेवनं दारात पत्र्याची शेड मारली तेव्हा याला दोन घास गोड लागेनात. बिरदेव त्याचा लहानपणापासूनचा सोबती, हळदीची पोती मार्केट यार्डात पोचवणारा टेम्पोवाला. त्याच्यावर जळण्यासारखं त्याच्याकडे काय होतं, हे दादासोलाही धड सांगता आलं नसतं.

दादासोचा खरा जीव त्याच्या ट्रॅक्टरमध्ये. कामाला कमी आणि मिरवायला जास्त. रंगीत दिवे, झिरमिळ्या, मोठा टेप. उसाच्या हंगामात कारखान्यासमोरच्या रांगेत तो उभा राहिला की पोरं त्याच्याशेजारी फोटो काढायची आणि दादासो मिशीतल्या मिशीत हसायचा.

अशात विश्रामबागची प्रियदर्शनी आली. एका मराठी सिनेमासाठी ती गाड्या निवडत हिंडत होती. सिनेमात गाड्या उठून उभ्या राहणार, दारांचे हात होणार, बॉनेटची छाती होणार, आणि त्यांचे यंत्रमानव बनणार. त्यातला नायक म्हणून तिला सांगली भागातलीच गाडी हवी होती. ही बातमी कानावर पडताच दादासोनं मनाशी ठरवून टाकलं, नायक आपल्याच दारातला. खंडेनवमीला सजवतात तसा त्यानं ट्रॅक्टर सजवला. पॉलिश केलं, झेंडूच्या माळा घातल्या, तोंडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, लिंबू-मिरची बांधली.

प्रियदर्शनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून ‘छान आहे’ म्हणाली. मग तिची नजर बिरदेवच्या शेडकडे गेली आणि तिथंच अडकली. तिथं उभा असलेला टेम्पो मुळात निळा, पण वर्षानुवर्षं हळद वाहून तो फळ्यांपासून दारांपर्यंत पिवळा पडला होता. कुठं गडद, कुठं फिका. हाच, असं ती म्हणाली.

दादासोच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या खटाऱ्यात काय बघितलंत, असं त्यानं विचारलंच.

"काका, आमच्या नायकाला माणसांत लपून राहायचंय. तुमच्या ट्रॅक्टरकडे तर सगळा रस्ता वळून बघतो. आणि अंगावर ही हळद असली की तो सांगलीचाच, हे वेगळं सांगावं लागत नाही."

बिरदेव पाहुण्यांकडे पाटणला गेला होता. तिनं फोनवर त्याचा होकार घेतला. निघताना तिला आठवलं, तेव्हा ती दादासोला म्हणाली की उद्या आमची माणसं मापं घ्यायला आणि फोटो काढायला येतील, तोवर टेम्पो धुऊ नका, एवढं त्यांना सांगा. दादासोनं मान हलवली.

संध्याकाळी बिरदेव गावाहून आला आणि शेडमधला टेम्पो काढून थेट वॉशिंग सेंटरवर घेऊन आला. चांगल्या कामाला निघताना गाडी धुवायची असते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. दादासोच्या ओठांवर निरोप आला होता. त्यानं तो गिळला आणि पंप सुरू केला. दोनदा शाम्पू मारला, फळ्या ब्रशनं घासल्या, कोपरान् कोपरा धुतला. पिवळं पाणी गटारीला लागलं तसं त्याला आतून गार गार वाटत गेलं. बिरदेवनं पैसे काढले, तर यानं घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी आली आणि हळद कुठं गेली म्हणून टेम्पोभोवती फिरली. निळा, उडालेल्या रंगाचा, सांगलीत असे पन्नास सापडतील. तिनं दादासोकडे बघितलं. तो पंपाची नळी गुंडाळत होता.

"चांगला दिसावा म्हणून मीच धुवाय लावला, ताई," बिरदेव म्हणाला. "दादासोनं तर पैसं बी घेतलं न्हाईत."

प्रियदर्शनीला आता दुसरी गाडी शोधायला सवड नव्हती. ट्रॅक्टरवरचं सगळं उतरवणार असाल तर तो घेऊ, एवढंच ती म्हणाली. दादासो लगेच हो म्हणाला. ट्रॅक्टर उघडाबोडका झाला तरी चालेल, नायक तर त्याचाच होता.

आता त्याला एकच गोष्ट बघायची होती, बिरदेवचं तोंड. इतकी वर्षं आपल्या पोटात जे जळलं, ते एकदा तरी त्याच्या पोटात जळावं.

बिरदेव पाना घेऊन आला आणि ट्रॅक्टरवरचे दिवे खोलायला लागला. रस्त्यानं जाणाऱ्यांना तो हाका मारून सांगत होता, आमच्या दादासोचा ट्रॅक्टर शिनेमात निघाला. त्यानं बायकोपोरांना बोलावून ट्रॅक्टरपुढं उभं केलं, फोटो काढले आणि दादासोलाही हाताला धरून मधे घेतलं. दादासोनं त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. पुन्हा बघितलं. तिथं काहीसुद्धा नव्हतं.

"हस की रं गड्या," बिरदेव म्हणाला, "तुजाच दिवस हाय."

फोटोत सगळे हसताहेत. दादासो तेवढा बिरदेवकडे बघतोय.