नटाखालचा निळा रंग

बायकोला माझा चष्मा कुठल्या खिशात असतो तेही ठाऊक आहे. हे मात्र नाही. तिला नाही, मुलाला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, मलाही नीट कळलेलं नाही.

बारामतीच्या एमआयडीसीत माझा शेतीपंपाच्या स्टार्टर-पेट्यांचा कारखाना आहे. आम्हा पेटीवाल्यांची संघटनाही आहे. पत्रा किती जाड हवा, वायर कुठली हवी, हे ती ठरवते आणि नियमात बसणाऱ्या पेटीवर तिचा शिक्का लागतो. ते नियम लिहिणाऱ्या समितीचा मी प्रमुख. त्यातला एक नियम तर अगदी माझा लाडका — अर्थिंगचा नट बसतो तिथला रंग पार पत्र्यापर्यंत खरवडलाच पाहिजे. रंग वीज जाऊ देत नाही. नटाखाली तो राहिला, तर अर्थिंगची तार नुसती शोभेची. पेटीत उतरलेली वीज मग जमिनीत जात नाही, हात लावणाऱ्याची वाट बघत बसते. हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवायचो.

शिक्क्यासाठी एकाची पेटी दुसऱ्याने तपासायची, ही आमची पद्धत. ऐकायला छान वाटतं, नाही? पण तपासणीला पेटी कुठली जायची? मुद्दाम निगुतीने बनवलेली, एकच. सगळेच तसं करायचे आणि सगळ्यांना ते माहीत होतं. माझीही नमुन्याची पेटी झकास होती. एका उन्हाळ्यात मागणी वाढली, रंग पक्का करायच्या भट्टीतून पेट्या धडाधड निघायला लागल्या, खरवडायला माणूस मोकळा नव्हता. मी म्हणालो, या खेपेला राहू द्या.

त्यातली एक निरवांगीला गेली, भानुदासतात्यांच्या डाळिंबाच्या बागेत. बसवली निमगाव केतकीच्या रज्जाकने. या वायरमनचं काम म्हणजे मागे वळून बघायला नको, अशी त्याची ख्याती. पेटीच्या आत एक वायर निसटून पत्र्याला टेकली. तात्या सकाळी मोटार सुरू करायला गेले, आणि गेलेच.

संघटनेने चौकशीला मलाच पाठवलं. दुसऱ्या कुणाला पाठवणार?

रज्जाक पेटीपाशीच उभा होता. "साहेब, अर्थिंग म्या सोता केलंय. खड्ड्यात मीठ-कोळसा घातलाय. तुमी बगा." मी त्याला पाणी मागितलं. तहान लागली होती, की त्याला तिथून घालवायचं होतं? खरं सांगायचं, तर घालवायचं होतं. तो तात्यांच्या घराकडे वळला तसा मी नट काढला. खाली निळा रंग — गुळगुळीत, भट्टीतून निघाला तसाच.

इथवर सांगणं सोपं होतं.

तो परत यायच्या आत मी स्क्रूड्रायव्हरने तो रंग खरवडला. भुकटी फुंकरीने उडवली. नट परत लावला, आवळला मात्र नाही. रज्जाक तांब्या घेऊन आला तेव्हा बोटाने नट हलवून दाखवला आणि म्हणालो, "ढिला राहिलाय रे." मग त्याच्याच हातचं पाणी प्यायलो.

तो भांडेल असं वाटलं होतं. तो नटाकडे बघत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे. "आवळला हुता साहेब... का न्हाय? ध्यान कुठं गेलं असंल माजं?"

अहवालात मी 'वायरमनची नजरचूक' लिहिलं. त्याचा हेतू नव्हता, असंही लिहिलं, म्हणून प्रकरण पुढे गेलं नाही. त्या खेपेतल्या उरलेल्या पेट्या मी गावोगाव फिरून खरवडल्या — 'मोफत तपासणी' म्हणत. लोकांनी चहा पाजला. संघटनेने शाल-श्रीफळ दिलं. मी ते घेतलं.

रज्जाकला नंतर कुणी कामाला बोलावलं नाही; बोलावलं असतं तरी तो गेला नसता. मेहुण्याच्या चपलांच्या दुकानात बसतो. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन निरवांगीला जातो, तात्यांच्या बायकोसमोर मान खाली घालून बसतो. ती माउली त्यालाच समजावते, "आरं, किती दिस जिवाला लावून घेशील?" हे मला त्यानेच सांगितलं. मी दुकानासमोर दिसलो की तो उठून उभा राहतो. "साहेब, तुमी सांभाळून लिवलं म्हणून मी पोराबाळांत हाय." तेव्हा मी काय करतो? हसतो. लाज वाटते — आणि तरीही हसतो.

नव्या पेटीवाल्यांना नियम अजून मीच शिकवतो. निरवांगीचं उदाहरण त्यात असतं. गेल्या महिन्यातही दिलं — एका वायरमनने नट आवळला नाही, आणि एक माणूस गेला. सगळे माना खाली घालून लिहून घेत होते.

नट आवळलेला होता. इतका, की काढताना माझा पाना दोनदा सटकला.