दुसरी नळी

माझा मुलगा प्रेमानंद कुणाला नाही म्हणत नाही. इथे आखातात, बरक्यातल्या वर्कशॉपमध्ये तो अकरा वर्षं फिटर आहे. शेतावरचे पंप, होड्यांची इंजिनं, बर्फाचं मशीन, ज्याचा सुटा भाग मिळत नाही त्यात तो भलत्याच यंत्राचा भाग घासून बसवतो. लोक लांबून त्याचं नाव विचारत येतात. मी निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा मला याचा अभिमान वाटायचा.

त्याच्या अर्बाबने, म्हणजे वर्कशॉपच्या अरब मालकाने, गेल्या महिन्यात खाबुऱ्यातल्या एका म्हाताऱ्याकडून जुनी रायफल घेतली. एकाच गोळीची, मधून वाकवून उघडणारी. नळी काढून दुसऱ्या मापाची लावता येते, पण कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलं आहे. परवाना, कागद सगळं अर्बाबच्या नावावर. तसलीच दुसरी नळी त्याला एका दोस्ताकडे मिळाली. ती काही बसेना. गुरुवारी तो दोन्ही घेऊन वर्कशॉपमध्ये आला.

रात्री जेवताना प्रेमानंद भात नुसता चिवडत होता.

"बसली का नळी?" मी विचारलं.

"बसवली. खालचा आकडा घासला. टक वाजलं."

"मग?"

"काजळी लावून बघितलं. मागे पूर्ण टेकायला हवी. फक्त वरच्या कडेला टेकते."

"म्हणजे?"

"म्हणजे बार मागे, तोंडावर येऊ शकतो."

प्रणालीने, माझ्या सुनेने, ताट बाजूला सारलं. "आणि तुम्ही देऊन टाकलीत?"

"तो इतका खूश होता गं. पाठ थोपटत होता."

"माझा मिक्सर तीनदा तपासून देता."

त्याने फोन लावला. लागला नाही. अर्बाब शुक्रवारी खाबुऱ्याच्या शेतावर नेम धरायला जाणार, हे त्याला ठाऊक होतं. पहाटे तो गाडी काढायला लागला तेव्हा मी चपला घालूनच उभी होते.

"आई, तू कशाला?"

"घरी बसून काय करू?"

सव्वा तासाच्या रस्त्यात त्याने बावीस वेळा फोन लावला. पुढच्या महिन्यात त्याचा व्हिसा संपतो, सही अर्बाबची लागते.

शेताच्या फाटकात उतरलो आणि खजुरीच्या मागे बार झाला. प्रेमानंद धावत सुटला. माझे गुडघे धावण्यातले नाहीत, तरी मी गेले.

अर्बाब धडधाकट उभा होता. मातीच्या ढिगावर तेलाचा रिकामा डबा, त्याला भोक. रायफलीला मूळचीच नळी होती. दुसरी टॉवेलात गुंडाळून चटईवर ठेवलेली.

"तू कसा आलास? मीच बोलावणार होतो," अर्बाब म्हणाला. "ही तुझ्याशिवाय कशी लावू? तू बसवलीस, पहिला बार तुझा. यल्ला, चल."

मी खजुरीच्या बुंध्याला हात टेकला.

प्रेमानंद टॉवेलाकडे बघत म्हणाला, "ती लावू नका. बसत नाही."

"टक वाजलं होतं."

"ते मी वाजवलं. नळी वरच्या कडेलाच टेकते."

"काल माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही खूश होता."

अर्बाबने रायफल उघडली, रिकामं काडतूस काढून खिशात टाकलं. मला बसायला खुर्ची आणवली, कॉफी ओतली. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "प्रेम, अकरा वर्षांत मी असा किती वेळा खूश झालो?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

परतल्यावर प्रेमानंदने मला घरी सोडलं आणि तो न उतरता तसाच गाडी घेऊन गेला. दुपारपासून त्याने आपण घासून भाग बसवलेली सहा यंत्रं तपासली, असं प्रणालीला कळवलं. व्हिसाचं काय होईल ते अर्बाब बोललेला नाही. प्रणाली वाट बघून झोपली. मी मात्र लिहीत बसले आहे, कारण डोळे मिटले की प्रेमानंद रायफल खांद्याला लावून उभा दिसतो.

आत्ताच त्याचा फोन आला.

"कुठे आहेस रे?"

"बर्फाच्या कारखान्यात. मशीन खोललंय."

"बसतंय?"

"चाललं असतं अजून वर्षभर." मागे कुणीतरी हिंदीत त्याच्यावर ओरडत होतं. "कारखान्याच्या मालकाला नाही म्हणून सांगितलं."