धाकटीचं प्लास्टर

थोरलीला आयुष्यात कधी कुणाच्या दागिन्यांचा हेवा वाटला नाही, घराचा नाही, पोरांच्या मार्कांचाही नाही. वाटला तो जावेच्या प्लास्टरचा.

घराच्या खालच्या मजल्यावर दोघी जावांचं पडदे शिवायचं दुकान होतं. थोरली कापायची, धाकटी शिवायची. मोठी कात्री थोरलीची, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. धाकटी जिन्यावरून घसरली आणि डाव्या मनगटाचं हाड मोडून घरी आली, तेव्हा घरादाराने तिला डोक्यावर घेतलं. सासूबाई स्वतः उठून तिला दूध आणून देऊ लागल्या. पडदे टांगायला येणारा कारागीर तर इतका हळहळला की त्याने प्लास्टरवर पेनाने एक फूल काढून दिलं.

थोरलीचं अंग गेली कित्येक वर्षं दुखत होतं. मान, खांदे, कंबर, मांड्या, कधी कधी तर नुसता ब्लाउज टोचायचा. रात्रभर झोपूनही सकाळी ती मार खाल्ल्यासारखी उठायची. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं स्वच्छ. शेवटी सांधेदुखीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. म्हणजे दुखणं खरं आहे, पण ते फोटोत दिसत नाही. अंगातल्या दुखण्याचा आवाज कुणीतरी मोठा करून ठेवल्यासारखं झालंय, असं त्या म्हणाल्या. पूर्ण जाईलच असं नाही, पण कमी करता येईल. रोज थोडं चालायचं, हळूहळू वाढवायचं. गरम पाण्याने शेकायचं. झोपायची वेळ पाळायची, रात्री एक लहानशी गोळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बरं वाटेल त्या दिवशीसुद्धा काम अर्ध्यावर थांबवायचं, उठायचं, जरा आडवं पडायचं, मग पुन्हा करायचं.

बाकी सगळं थोरलीने केलं आणि थोडा फरकही पडला. अर्ध्यावर थांबणं मात्र तिला जमेना. कारण यजमान एकदा सहज बोलून गेले होते, "तुला झेपत नसेल तर धाकटीला शिकव की कापायला." तेव्हापासून तिला वाटायचं, आपण पडायला गेलो की कात्री गेलीच म्हणून समजा.

त्यात हे प्लास्टर. सासूबाईंनी धाकटीच्या हाताखाली उशी सरकवली, ते पाहून थोरलीच्या पोटात दुखलं; तेवढाच एक अवयव तोवर सुटला होता. संध्याकाळी देवापुढे हात जोडले आणि तोंडून निघून गेलं, देवा, मलाही एखादं दे की रे, डोळ्यांना दिसेल असं. मग भानावर येऊन तिने स्वतःच्याच गालात मारून घेतलं. पण मागणं काही परत घेतलं नाही.

एका नाट्यगृहाच्या मखमली पडद्यांचं काम आलं होतं. त्या सकाळी नेमकं थोरलीला बरं वाटत होतं. एक हात गळ्यात अडकवून धाकटी समोर बसलेली. बघच आता कुणाला झेपतं ते, असं मनात म्हणत थोरलीने ताग्यामागून ताग्याचा फडशा पाडला. जेवणही तिने उभ्यानेच आटपलं. धाकटी दोनदा म्हणाली, "ताई, टेका जरा." थोरली म्हणाली, "टेकायला माझा काही हात मोडलेला नाही."

दुसऱ्या दिवशी तिला कूस बदलता येईना. उजेड नको, आवाज नको, डोक्यात नुसतं धुकं. पुढचे काही दिवस असेच गेले. कशीबशी जिना उतरून ती खाली आली, तर धाकटी कापलेल्या मखमलीवरून उजवा हात फिरवत बसली होती. एका तुकड्यावर फिरवायची, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. थोरलीला न सांगता कळलं. मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर टांगल्यावर एक पडदा लाल दिसतो आणि शेजारचा काळपट. म्हणून कापण्याआधी मागून खडूने बाण काढायचा, हे शिकाऊ पोरीलाही ठाऊक असतं. त्या दिवशीच्या तोऱ्यात थोरलीने बाणच काढले नव्हते. दोन तुकडे उलटे गेले होते, आणि खालचा घेर तिरका कापलेला असल्याने ते फिरवून घेताही येणार नव्हते.

आता कात्री गेली, एवढंच तिच्या मनात आलं.

यजमान दारातून डोकावून म्हणाले, झालं का सगळं? धाकटी म्हणाली, "दोन तुकडे वरच्या झालरीला काढलेत, भावोजी. दोन नवे कापायचेत. ताई कापतील." ते गेले.

थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. तिला रागच आला. हात मोडून घेतला तो घेतला, वर चांगुलपणाही हिच्याचकडे. ती म्हणाली, "सांगायचं होतंस. सगळ्यांना कळलं असतं, मला झेपत नाही ते."

"मला शिवायचंय, कापायचं नाही," धाकटी म्हणाली. "प्लास्टर आहे तोवर हे सगळे मला विचारतात. निघालं की विसरतील. तुम्हाला तर कुणी विचारलंच नाही. मीही नाही."

थोरलीने नवी मखमल पसरली. धाकटीने बाण काढला, वाकडातिकडा, पण बरोबर दिशेने. थोरली कापू लागली आणि तुकडा निम्मा झाल्यावर, अजून हात चालत असतानाच, तिने कात्री कापडातच ठेवून दिली. आतल्या खोलीत गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेऊन ती आडवी झाली. कान मात्र बाहेर. कात्रीचा आवाज येतो का, याकडे. आवाज आला नाही.

उठून बाहेर आली तर कात्री होती तिथेच, कापडात तशीच उघडी. धाकटी खुर्चीत, प्लास्टर उशीवर ठेवून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

थोरली तिच्याकडे बघत उभी राहिली. इतकी झोप, तीही भरदिवसा, खुर्चीत. मेली झोपते तरी कशी, असं मनात म्हणत, तिला जाग येऊ नये म्हणून तिने कात्री अगदी हळू चालवायला घेतली.